यंत्र थांबवावे काय, आणि ते कोणी ठरवावे?

पेढीचा धनी वृद्ध झाला म्हणजे दुकान, गोदाम, जमीन आणि दागदागिने यांची व्यवस्था कशी व्हावी हे तो मृत्युपत्रात लिहून ठेवतो. ही दक्षता व्यापारी समाजात पुष्कळ आढळते. परंतु मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतर सुरू होतो. मृत्यू आलेला नाही आणि जाणीव मात्र गेली आहे, अशी एक मधली अवस्था आहे. तिच्याविषयी त्या कागदात अवाक्षर नसते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही अवस्था फार दिवस टिकत नसे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, अपघातात डोक्यास जबर मार बसला, किंवा हृदय काही मिनिटे बंद पडून मेंदूस प्राणवायू मिळाला नाही, तर रोगी थोड्याच दिवसांत जात असे. आता श्वासयंत्र आणि नाकातून वा पोटातून घातलेली अन्नाची नळी यांच्या बळावर देह महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबास मग डॉक्टर विचारतात की, पुढे काय करावयाचे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘कोमात आहेत’ या दोन शब्दांखाली आपण निरनिराळ्या अवस्था एकत्र करतो. मेंदूचे मूळ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचे निकामी झाले तर तो मस्तिष्कमृत्यू होय. आपल्या देशात अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्याने त्यास मान्यता दिली असून, त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. तेथे यंत्राने हलणारी छाती ही जीविताची खूण नव्हे. याउलट वनस्पतिवत् अवस्थेतील रुग्ण स्वतः श्वास घेतो, त्याचे डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्रही चालते. फक्त स्वतःची व भोवतालची जाणीव असल्याची खूण मिळत नाही. या अवस्थेस हे नाव १९७२ साली जेनेट व प्लम या दोन वैद्यांनी दिले. तिसरी किंचित् सजग अवस्था. तीत रुग्ण कधी नजरेने माग घेतो, कधी सांगितल्यावर बोट हलवितो. पहिल्या अवस्थेत नीतीचा प्रश्न फारसा उरतच नाही. खरी अडचण पुढच्या दोहोंत आहे.

त्यांतही निदान वाटते तितके सोपे नाही. २००६ साली केंब्रिज येथे एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतिवत् अवस्थेत गणलेल्या एका तरुणीस मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवून, ‘तुम्ही टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग त्या वेळी जागा होतो, तोच तिच्याही मेंदूत जागा झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितल्यावर कोणतीही हालचाल न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचनेस असा आतल्या आत प्रतिसाद दिला. मेंदूस प्राणवायू न मिळाल्याने आलेली अवस्था तीन महिन्यांनंतर, आणि डोक्याच्या दुखापतीने आलेली बारा महिन्यांनंतर कायमची मानावी, असा पश्चिमेकडील वैद्यकात दीर्घकाळ प्रघात होता. आता त्याहीपुढे क्वचित् सुधारणा दिसल्याची नोंद आहे. यास्तव पहिल्या आठवड्यातच ‘आता काही राम नाही’ असे म्हणून मोकळे होणारे नातलग पाहिले म्हणजे आम्हांस अस्वस्थ वाटते. यंत्र आज थांबविले नाही तर उद्या थांबविता येते; आज थांबविले तर उद्या चालू करून उपयोग नसतो.

आता आपल्याच मुंबईतील एका प्रसंगाकडे वळू. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला व त्या जन्माच्या पंगू झाल्या. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. अरुणा यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करविली आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना ती मागणी नाकारली.

या निकालात वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट निराळीच आहे. अरुणा श्वासयंत्रावर नव्हत्या. कित्येक वर्षे परिचारिका त्यांना मऊ केलेले अन्न हाताने तोंडात भरवीत. नळी फार उशिरा आली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगास बिछान्याचे व्रण पडू दिले गेले नाहीत. ज्याने घरात अंथरुणास खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्यास या एका वाक्याचे मोल समजेल. मग अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? कायद्यात अशा व्यक्तीस ‘वादमित्र’ म्हणतात. न्यायालयाने हा मान याचिका करणाऱ्या लेखिकेस दिला नाही. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींस दिला. त्यांचे मत पुढे बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असेही सांगितले. ते मत बदलले नाही. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे न्यूमोनियाने निधन झाले.

विराणी यांचा हेतू करुणेचा होता याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि आपलेपणा सेवेने सिद्ध होतो, हे तत्त्व आम्हांस योग्य वाटते. आपल्या घरांतही ते लागू करून पाहावे. परदेशातून दोन दिवसांसाठी आलेला मुलगा व्हिडिओवरील डॉक्टरांचा हवाला देऊन निर्णय सांगतो, आणि सहा महिने कूस बदलीत बसलेल्या सुनेस कोणी विचारीत नाही, हे दृश्य आज अपरिचित नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टेरी शायव्हो नावाची तरुणी १९९० साली हृदय बंद पडून अशाच अवस्थेत गेली. तिने काही लिहून ठेवले नव्हते. पती म्हणे, असे जगणे तिला नको होते. आईवडील म्हणत, ती आम्हांस ओळखते. प्रकरण न्यायालयात गेले. नळी तीनदा काढली गेली, मध्ये दोनदा पुन्हा घातली गेली. राज्याचे विधिमंडळ व देशाची संसदही त्यात उतरली. ३१ मार्च २००५ रोजी ती गेली. शवविच्छेदनात तिचा मेंदू नेहमीच्या सुमारे निम्म्या वजनाचा आढळला. एका कागदाच्या अभावी एक कुटुंब वर्षानुवर्षे जगाच्या चव्हाट्यावर उभे राहिले.

आपल्याकडे वृत्तपत्रे या विषयास ‘इच्छामरण’ म्हणतात. ज्याची इच्छा विचारण्याची सोयच उरली नाही, त्याच्या बाबतीत हा शब्द विपरीत आहे. त्याहून मोठी गल्लत म्हणजे, ‘आम्ही बाबांची सल्लेखनाच केली’ असे काही ठिकाणी बोलले जाते. हे आमच्या मते सर्वथा चुकीचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती पूर्ण जागृतीत, स्वतःच्या संकल्पाने, सर्वांची क्षमा मागून. सल्लेखना दुसऱ्याने कोणासाठी करावयाची नसते. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी तिला आत्महत्येच्या पंक्तीस बसविले तेव्हा समाजाने एकमुखाने विरोध केला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. त्या वेळी आपण ज्या संकल्पाची ग्वाही दिली, तो बेशुद्ध माणसाच्या ठिकाणी कोठून आणणार? यंत्र थांबविणे काही प्रसंगी योग्य असेल, परंतु त्याची जबाबदारी थांबविणाऱ्यांनी आपल्या नावावर घ्यावी.

व्यापारी कुटुंबांत आणखी एक गुंता असतो. पैशाची गोष्ट बोलणे अप्रशस्त वाटले तरी ती टाळू नये. अतिदक्षता विभागाचे बिल दररोज वाढते, आणि कित्येक कुटुंबे ते न पेलल्यामुळे, डॉक्टरांचा सल्ला नसतानाही, सही करून रुग्णास घरी नेतात. यात त्यांचा दोष मानण्यास आम्ही तयार नाही. मात्र त्यास तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये. दुसरे असे की, मुलाच्या नावे मुखत्यारपत्र आहे म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, करून देणाऱ्याचे मन विचारास असमर्थ झाले की मुखत्यारी संपते. खाती अडकतात, माल अडकतो, उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घेण्याची वेळ येते. आणि मग वडिलांचा शेवट लवकर व्हावा अशी एक न बोललेली घाई घरात शिरते. तराजू ज्याच्या हाती, माल त्याचाच असू नये. भागीदारीतून ज्यास तात्काळ लाभ होणार आहे, त्याने या निर्णयात शेवटचा शब्द उच्चारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याने आता वाट दाखविली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीत असताना आगाऊ वैद्यकीय निर्देश लिहून ठेवण्याची मुभा दिली. इंग्रजीत त्यास लिव्हिंग विल म्हणतात. पूर्वी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. उपचार थांबविण्यापूर्वी रुग्णालयाचे एक व त्यानंतर दुसरे अशी दोन वैद्यकीय मंडळे मत देतात. निर्देश नसेल तर जवळच्या नातलगांच्या संमतीने हीच रीत चालते. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून सुरुवात करून दिली, आणि कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढल्यामुळे बेळगावकडील सभासदांसही मार्ग मोकळा झाला आहे.

निर्देश लिहिताना श्वासयंत्र आणि अन्नाची नळी यांचा उल्लेख निरनिराळा करावा. कायदा दोहोंस उपचारच मानतो. परंतु तहानलेल्यास पाणी देणे हा ज्या घरांत धर्म समजला जातो, तेथील माणसास एक थांबवावेसे वाटेल व दुसरे नाही. किती काळ वाट पाहावी हेही लिहावे. आपल्या वतीने बोलण्यासाठी एकाहून अधिक नावे देता येतात. त्यांत एक तरी नाव पेढीच्या हिशेबाशी संबंध नसलेल्याचे असावे, मग ती विवाहित कन्या असो वा जुना स्नेही. कागदाच्या प्रती त्या व्यक्तींकडे, घरच्या डॉक्टरांकडे आणि नगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाच्या असतात. बँकेच्या लॉकरमध्ये मृत्युपत्राशेजारी एकच प्रत ठेवून भागणार नाही, कारण तो लॉकर रात्री दोन वाजता उघडत नाही.