परक्या यंत्राचा माल

डेबियनसाठी आर्म मायक्रोकंट्रोलरचा क्रॉस-कंपायलर पॅकेज करायला घेतला, तेव्हा धास्ती होती ती जीसीसी बांधण्याची. प्रत्यक्षात तो रस्ता मळलेला निघाला. आधी बिनयुटिल्स, मग हेडर्सशिवाय उभा राहणारा तात्पुरता जीसीसी, त्याने न्यूलिब ही सी लायब्ररी बांधायची आणि तिच्या आधारावर पूर्ण जीसीसी. वेळ खूप जातो, एवढंच. छळलं ते पॅकेजिंगच्या अवजारांनी.

पॅकेजमधली प्रत्येक फाइल याच यंत्राची, असं ही अवजारं धरून चालतात. इथे तर दोन यंत्रांचा माल एका गाठोड्यात असतो: कंपायलर चालतो एक्स८६ वर, पण त्याच्यासोबतच्या लिबसी, लिबजीसीसी आर्मच्या.

पहिला दणका स्ट्रिपचा. बिल्ड बिनचूक, पॅकेज इन्स्टॉल झालं, कंपायलरही चालला. लिंकर मात्र अडून बसला: अर्काइव्हला सूचीच नाही, रॅनलिब चालवा. बिल्ड डिरेक्टरीतली तीच लायब्ररी ठणठणीत, त्यामुळे शोध भलतीकडेच जातो. घडतं ते असं: बांधणी संपल्यावर डेबहेल्पर लायब्ऱ्यांमधली डीबग माहिती काढतो, तीही यजमान यंत्राच्या स्ट्रिपने. त्याला आर्मच्या ऑब्जेक्ट फाइली ओळखता येत नाहीत आणि या खटाटोपात अर्काइव्हची सूची गळून पडते. म्हणून आर्मच्या लायब्ऱ्या डेबहेल्परच्या तावडीतून आधीच वगळा आणि स्वतः बांधलेल्या आर्म-स्ट्रिपने छाटा. छाटावं तर लागतंच; मल्टिलिबमुळे कॉर्टेक्स-एमच्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी, हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोटसाठी, लायब्ऱ्यांच्या वेगळ्या प्रती असतात आणि पॅकेज भराभर फुगतं.

फ्लॅगचंही तेच. डेबियन एक्स८६ साठी जे सुरक्षा-फ्लॅग देतो, ते लक्ष्य-यंत्राच्या फ्लॅगमध्ये ओतले, तर आर्मचा जीसीसी सीएफ-प्रोटेक्शनपाशी साफ नकार देतो. हा नकार परवडला, निदान तोंडावर तरी येतो. पण लक्ष्याचे फ्लॅग कोरे ठेवले, तर जीसीसी गुपचूप ओ-टू ही ऑप्टिमायझेशनची पातळी धरतो. ३२ केबी फ्लॅशच्या चिपवर बसवायच्या लायब्ररीला आकार कमी ठेवणारा ओ-एसच हवा.

आणखी एक अडचण फाइलींच्या जागेची. यंत्राचा मूळ जीसीसी आणि तुमचा जीसीसी, दोघांनाही जीपीएलचं मॅनपेज आणि इन्फो फाइली एकाच जागी ठेवायच्या असतात. डीपीकेजी भांडण लावून देतो. त्या काढून टाका, कुणी विचारणार नाही.

बिल्ड मात्र एसबिल्डच्या कोऱ्या वातावरणातच करा. रोजच्या यंत्रावर आधीचा एखादा आर्म कंपायलर पाथमध्ये असला, की न्यूलिब त्याच्याच हातून बांधली जाते आणि तुमच्या क्रमातली चूक झाकली जाते. मग तयार पॅकेज दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर टाकून क्यूएमयू या एम्युलेटरच्या कॉर्टेक्स-एम३ बोर्डावर प्रोग्रॅम चालवा. तो सी++ मधला असू द्या, एक्सेप्शन फेकून पकडणारा. नुसता ‘हॅलो’ छापणारा सी प्रोग्रॅम सी++ च्या लायब्ररीला, लिबएसटीडीसी++ ला, हातही लावत नाही.