न्यायासनावरील सामान्य नागरिक

प्रस्तावना

लखनौचा अमीनाबाद बाजार संध्याकाळी माणसांनी फुलून जातो. चिकनकामाचे कुडते, बांगड्या आणि पुस्तके यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. समजा, या गर्दीत हमाली करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने एखाद्या गिऱ्हाइकाचे पाकीट उचलले आणि तो पकडला गेला. त्याचा न्याय कोण करील? या मुलासमोर तिघे बसतील आणि त्यांपैकी दोघे न्यायाधीश नसतील. त्या दोघांची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

मानाचे पद

न्यायदानात सामान्य नागरिकांना स्थान देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट हे ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमल्या गेलेल्या पहिल्या भारतीयांपैकी होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी अवधच्या तालुकदारांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले. पुढे शहरोशहरी मानद दंडाधिकारी नेमले गेले. परंतु निवडताना जमीन, प्रतिष्ठा व सरकारनिष्ठा यांना मोठे वजन असे. गरिबाच्या अपराधाचा निवाडा अनेकदा धनिकाच्या हाती जाई. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे काम उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सोपवले.

बाल न्याय मंडळ

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने सामान्य नागरिकाला पुन्हा न्यायासनावर बसवले. २००० च्या आणि नंतर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते. मंडळापुढे उंच चौथरा वा आरोपीचा पिंजरा नसतो. मूल घाबरू नये, मोकळेपणाने बोलावे, हा त्यामागचा हेतू आहे.

हे दोघे केवळ सल्लागार नव्हेत. मतभेद झाल्यास बहुमताचा निर्णय मान्य होतो. म्हणजे दोघांचे एकमत झाले, तर न्यायदंडाधिकाऱ्याचे मतही बाजूला पडू शकते. मुलाला समज देऊन घरी पाठवायचे, समाजसेवा करायला लावायची की विशेष गृहात ठेवायचे, हे मंडळ ठरवते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, याचा प्राथमिक विचारही मंडळच करते.

निवड कशी होते?

एवढा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस पारखूनच घ्यावा लागतो. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कार्यात त्याने किमान सात वर्षे सक्रिय भाग घेतलेला असावा. किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतील पदवी घेऊन तो व्यवसाय करीत असावा. मुलांचा छळ केलेल्या किंवा त्यांना कामाला जुंपलेल्या व्यक्तीला हे पद मिळत नाही. निवड समितीच्या शिफारशीवरून राज्य शासन नेमणूक करते. नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण द्यावे लागते. सदस्याला पगार नव्हे, तर मानधन मिळते. अधिकाराचा गैरवापर केल्यास किंवा सतत तीन महिने विनाकारण गैरहजर राहिल्यास त्याला पदावरून दूर करता येते.

एक धडा

मंडळाची बैठक नसेल, तेव्हा मुलाला एकट्या सदस्यासमोरही हजर करता येते. १९ मे २०२४ रोजी, रविवारी, पुण्यात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी एका बिगरन्यायिक सदस्याने सतरा वर्षांच्या मुलाला जामीन दिला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. देशभर संताप उसळला. चौकशी झाली आणि त्याच वर्षी शासनाने मंडळाच्या दोन्ही बिगरन्यायिक सदस्यांच्या नेमणुका रद्द केल्या.

म्हणून ही पद्धतच चुकीची म्हणायची का? तसे नाही. हमाली करणारे मूल चोरीपर्यंत का पोहोचले, हे वस्तीत राबलेल्या कार्यकर्त्याला अधिक नेमके कळू शकते. परंतु करुणेला कायद्याच्या ज्ञानाची जोड हवी. सामान्य माणसाला न्यायासनावर बसवणे सोपे आहे. योग्य माणूस निवडणे, ही खरी कसोटी आहे.

शब्दार्थ

मानद – वेतन न घेता सन्मानाने पद सांभाळणारा
निवाडा – न्याय, निर्णय
मानधन – कामाबद्दल सन्मानाने दिलेली रक्कम

स्वाध्याय

१. मानद दंडाधिकारी आणि मंडळाचे सदस्य यांच्या निवडीत कोणता फरक आहे?
२. सामाजिक कार्यकर्ते ‘केवळ सल्लागार नव्हेत’, असे का म्हटले आहे?
३. तुमच्या वस्तीतील कोणती व्यक्ती या पदास योग्य वाटते? का, ते आठ-दहा ओळींत लिहा.