मोजा उलटा करून बघा

माझ्या नातवाच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाभोवती एक बारीक रेघ आहे. आता तो चार वर्षांचा आहे, अंगणभर पळतो, आणि दाखवल्याशिवाय ती रेघ कुणाच्या लक्षातही येत नाही. मला मात्र त्याला आंघोळ घालताना दर वेळी दिसते. ती माझ्या विणकामाची खूण आहे. म्हणून हे लिहिते आहे. घरात तान्हं बाळ असेल आणि माळ्यावर किंवा ट्रंकेत अर्धवट विणकाम पडलेलं असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

आईची ट्रंक जुन्या पळसदेवातून निघालेली. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, पण गाव पाण्याखाली जाणार म्हणून त्याआधीच आमचं घर हललं आणि आम्ही इंदापुरात आलो. आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडे बारामतीला आली. तिच्यात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बाळाचा एक पुरा मोजा होता, आणि दुसरा सुयांवरच. पिवळ्या लोकरीवर पांढरी चौकट. 1994 साली माझ्या लेकीच्या बाळंतविड्यासाठी आईनं विणायला सुरुवात केली होती. टोपडं झालं, झबलं झालं, दुपटं झालं, एक मोजा झाला. दुसऱ्याची पोटरी झाली आणि त्या पावसाळ्यात आई गेली. लेक जन्मली ती श्रावणानंतर.

मोज्याच्या सुया आईकडे चार होत्या, दोन्हीकडे टोक असलेल्या. आपल्याकडे बहुतेक बायका बाळाचे पायमोजे दोनच सुयांवर सपाट विणतात आणि तळव्याखाली शिवतात. आईनं गोल विणायची रीत शेजारच्या एका काकूंकडून उचलली होती. काकूंचे यजमान फौजेत होते, त्या उत्तरेकडे राहून आलेल्या. सोबत नमुना होता, कालनिर्णयच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला: इतके टाके घाल, एक सुलट एक उलट इतक्या ओळी, मग चौकट. टाच कशी वळवायची ते लिहिलेलं नव्हतं. ते तिच्या हातात होतं.

सत्तावीस वर्षं मी ते काम पुढे ढकललं. शाळेची नोकरी होती, बारामती–इंदापूर एसटीनं सोमवार ते शनिवार जा-ये होती. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी. त्या प्रवासात मी दुसऱ्यांची कितीतरी टोपडी आणि स्वेटर विणले. तो मोजा मात्र हातात घेतला की पहिल्या ओळीतच डोळे भरून यायचे आणि मी परत पिशवीत ठेवायची. हे सांगते कारण अर्धवट राहिलेल्या विणकामामागे नेहमी आळसच असतो असं नाही. आधी ते का राहिलं हे स्वतःशी स्पष्ट करा. माझं मन तयार नव्हतं, आणि मन तयार नसताना मी ते एका तारखेच्या धाकानं पुरं केलं. सगळी चूक तिथून सुरू झाली.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवाळीनंतर नातू झाला. बाराव्या दिवशी बारसं. मला वाटलं, आजीच्या हातचे मोजे नातीच्या बाळाच्या पायात घालावेत. सहा रात्री बसले. उरलेला पिवळा गुंडा काढला तर त्याला कसर लागलेली, धागा दर दोन हातांवर तुटत होता. बाजारातून रंगाला रंग मिळवून नवा गुंडा आणला आणि आईच्या टाक्यांवर माझे टाके चढवले. टाच मला येते तशी वळवली, पंजा विणला, टाके बंद केले. शेवटचं टोक गाठ मारून कापून टाकलं. बाहेरून दोन्ही मोजे सारखे दिसत होते. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं.

पाचव्या आठवड्यात थंडी वाढली. बारामतीची थंडी काही डोंगरातली नव्हे, पण नीरा कालव्याच्या कडेला पहाटे चांगलीच झोंबते. रात्री मोजे घातले. नऊच्या सुमारास बाळ रडायला लागलं ते थांबेना. पोट दुखत असेल म्हणून बेंबीभोवती हिंग लावला, ओवा तापवून शेकलं, लेकीनं चार वेळा पाजलं. दृष्ट काढली. पहाटे चारला लंगोट बदलताना लेक म्हणाली, ‘‘आई, हा पायाला हात लावू देत नाहीये गं.’’ मोजा काढला. मधलं बोट जांभळं झालं होतं आणि करवंदाएवढं फुगलं होतं. त्याच्या मुळाशी एक खाच दिसत होती, धागा मात्र दिसत नव्हता. तो सुजेत रुतून बसला होता.

डॉक्टरांनी भिंग लावून, बारीक कात्रीनं तो कापला. चार पदरी लोकरीतला एकच पदर होता तो, केसापेक्षा थोडा जाड. तीन वेढे बसले होते. माझी गाठ धुण्यात सुटली होती, टोकाचे पदर मोकळे झाले होते, आणि बाळ पाय झाडतं तसा त्यातला एक बोटाभोवती फिरत गेला. तासाभरानं बोटाचा रंग परतला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर बोट वाचलं नसतं. अशी बाळं त्यांच्याकडे येतात. कुणाच्या बोटाला मोज्याचा किंवा हातमोज्याचा धागा, कुणाच्या बोटाला आईचा केस. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईचे केस भरपूर गळतात, ते दुपट्यात आणि मोज्यात जातात. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आवळतो.

म्हणून पहिली गोष्ट विणकामाची नाहीच. तान्हं बाळ काही केल्या थांबत नसेल, तर त्याला पूर्ण उघडं करा आणि हातापायाचं एकेक बोट उजेडात बघा. मुलगा असेल तर लघवीची जागाही बघा. बोट सुजलेलं, लाल किंवा जांभळं दिसलं तर धागा ओढत बसू नका, तो आणखी रुततो. तेल चोळत बसू नका. तसंच उचला आणि दवाखान्यात न्या. आम्ही हिंग-ओव्यात सात तास घालवले.

दुसरं त्याच पहाटे कळलं. डॉक्टरांनी मोजा नाकाशी नेला आणि विचारलं, ‘‘हे डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं का?’’ होतं. मी साबणानं एकदा धुतलं होतं, वास गेला असं मला वाटलं होतं. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांची वाफ लागली तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ते बाहेरून ओळखता येत नाही. माझ्या नातवाला ती अडचण नव्हती, हे आमचं नशीब. ट्रंकेतली दुपटी, कुंच्या, झबली हौसेनं बाळाला चढवणाऱ्या प्रत्येक आजीला मी हे सांगते: डांबरगोळ्यांतलं कापड तसंच तान्ह्याच्या अंगाला लावू नका. चार-पाच दिवस उन्हात आणि वाऱ्यावर ठेवा, दोनदा-तीनदा धुवा, तरी वास उरला तर ते कापड बाळाला घालूच नका. कसरीसाठी मी आता डांबरगोळ्या ठेवतच नाही. कसरीची अळी लोकर खाते, उडणारा किडा खात नाही. आणि अळीला ऊन आणि हालचाल सोसत नाही. आश्विनातल्या उन्हात ट्रंक मोकळी करायची, प्रत्येक कपडा झटकायचा, कडुलिंबाचा सुका पाला घालून परत भरायचं. शिवाय अंगाला घातलेला कपडा न धुता ठेवायचा नाही, घामाच्या डागाला कसर आधी लागते.

आता विणकाम. नंतर मी दोन्ही मोजे उलटे केले आणि खिडकीत बसून पाहिले. आईचा मोजा आतूनही बाहेरच्याइतकाच नेटका होता. दुसरा रंग मागून नेताना तिनं दर तीन टाक्यांनी दोन धागे एकमेकांत गुंतवले होते, त्यामुळे आत कुठेही मोकळा फास नव्हता. माझ्या पंजात सहा-सहा, सात-सात टाक्यांचे धागे सैल लोंबत होते. त्या रात्री टोकाच्या पदराऐवजी यातला एखादा फास बोटात अडकला असता, तरी तेच झालं असतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी विणलेल्या प्रत्येक मोज्याच्या आत असेच धागे आहेत, आणि ते मोजे मी बारामतीभर वाटले होते. तो महिना मी घराघरांत जाऊन ते परत मागितले.

बाळासाठी मी आता एकाच रंगात विणते. चौकट हवीच असेल तर ती पोटरीवर, पंजात नाही. टोक कापताना वीतभर धागा ठेवते, बोथट जाड सुईत ओवून आतल्या टाक्यांतून एका दिशेला चार बोटं नेते, मग वळवून उलट दिशेला तेवढाच. गाठीवर भरवसा ठेवत नाही. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक कॅशमिलॉन असतं. ते निसरडं, त्यातली गाठ धुण्यात सुटते. खात्री करायची असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. कॅशमिलॉन वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. माझ्या मोज्यात वरचा भाग आईच्या लोकरीचा आणि खालचा कॅशमिलॉनचा होता. धुण्यात वरचा आटला, खालचा तसाच राहिला आणि जोडावर चुण्या पडल्या. जुन्या कामाला नवा धागा जोडायचा तर जातीला जात बघून जोडा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर याला चालत नाही, हेही सांगून टाकते. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं त्या आमच्याच मेंढ्या, त्यांच्या लोकरीचं घोंगडं उत्तम, पण बाळाच्या कातडीला ती टोचते.

मोठ्यांच्या मोज्यातही आतली बाजूच महत्त्वाची. साखरेच्या आजाराच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. बोटांशी जाड शिवण आली तर घासून फोड येतो आणि त्याला कळतही नाही. पंजाच्या टोकाला टाके बंद करून शिवण्याऐवजी समोरासमोरचे टाके सुईनं एकमेकांत विणून घ्यायची एक रीत आहे, तिनं शिवण उरतच नाही. इंग्रज तिला लॉर्ड किचनरचं नाव देतात, तोच किचनर जो 1902 ते 1909 हिंदुस्थानात सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात शिपायांचे पाय शिवणीनं सोलत म्हणून ती रीत रूढ झाली असं सांगतात. शिकायला एक दुपार पुरते. सासऱ्यांचे मोजे मी आता तसेच विणते, आणि वरची पट्टी सैल ठेवते, नडगीवर वळ उठता कामा नये.

जुनं अर्धवट काम काढाल तेव्हा सुया लगेच ओढून काढू नका. टोकांना लावलेलं रबर विरघळून टाक्यांना चिकटलेलं असतं, अॅल्युमिनियमच्या सुईखालचे टाके काळे पडलेले असतात. आधी ते सगळे टाके एका सुती दोऱ्यावर उतरवून घ्या. मग हाताची चार बोटं रुंदीचा एक तुकडा नव्यानं विणा आणि जुन्यावर ठेवा. मधल्या वर्षांत हात बदललेला असतो. माझी वीण विशीत घट्ट होती, आता सैल झाली आहे. दुसऱ्याच्या हाताशी तर ती कधीच जुळत नाही. तुकडा जुळला नाही तर उसवा. उसवलेल्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवा, खाली थोडं वजन अडकवून वाळवा, वळ्या सरळ होतात. आणि शक्य असेल तर दोन्ही मोजे बरोबरच विणा: एकाची पोटरी, लगेच दुसऱ्याची पोटरी, एकाची टाच, लगेच दुसऱ्याची. दुसरा मोजा राहून जातो तो यामुळेच, की पहिला पुरा झाल्यावर हौस फिटते.

उसवायला मन होत नसेल तर ते काम तसंच जपून ठेवायलाही हरकत नाही. मी पंजा आणि टाच उसवली, आईच्या शेवटच्या ओळीपर्यंत. ते टाके पांढऱ्या सुती दोऱ्यावर आहेत. पुरा मोजा आणि तो, दोन्ही मलमलीच्या फडक्यात आहेत आणि तिथेच राहतील. पुरं करायचं ते मी इतरत्र करते.

ऊसतोडीचा हंगाम लागला की भवानीनगरच्या कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. बीडकडच्या, नगरकडच्या बाया पहाटे तीनला फडात जातात, तान्ही बाळं बरोबर असतात, उसाच्या पाचटावर झोपवलेली. गेले तीन हिवाळे मी तिथे मोजे नेते, एकरंगी, सुती दोऱ्याचे. नेण्याआधी दर मोज्यात माझी पाचही बोटं घालून फाकवते आणि ओढून काढते. नखाला जरी धागा अडकला तरी तो मोजा परत पिशवीत जातो. देताना बाईलाही तेच करून दाखवते.

मागच्या पौषात एकीला दिले, वीसेक वर्षांची असेल, पहिलंच बाळ. तिच्या शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘घाल की लवकर, गारठलंय लेकरू.’’ तिनं ऐकलं नाही. कंदिलाजवळ बसली, दोन्ही मोजे उलटे केले, आत बोटं फिरवली, एकेक टाका चाचपला. मग मोजे सरळ केले आणि बाळाचा पाय हातात घेतला.