ग्रामचर्चची वास्तुकला : कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या निमित्ताने

गेल्या वर्षी इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला थॉमस ग्रेची १७५१ साली प्रसिद्ध झालेली ‘एलेजी’ चालू होती. खेड्यातील चर्चच्या आवारात पुरलेल्या साध्यासुध्या माणसांवरची ही कविता. सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्यावर त्रिकोण ठेवला, शेजारी मनोरा उभा केला आणि म्हणाले, “हे चर्च, आणि भोवतीचे हे चर्चयार्ड. गरीब बाहेर आणि श्रीमंत आत.” मी विचारले, “सर, मेल्यावरसुद्धा आत-बाहेर?” वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. “ती इमारत कळल्याशिवाय कविता अर्धीच कळते,” एवढेच ते म्हणाले. त्या अर्ध्या राहिलेल्या कवितेपायी मी वाचनालयातील वास्तुकलेची पुस्तके चाळू लागले. प्रस्तुत लेख हे त्या खटाटोपाचे फळ आहे.

‘पॅरिश’ या शब्दाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचे गाव आणि त्याचे शेतशिवार मिळून एक पॅरिश होई. मध्ययुगीन इंग्लंडमधील शेतकरी आपल्या पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा चर्चला देई. मूल जन्मले की बाप्तिस्मा तिथे, माणूस मेला की माती तिथेच. लग्नाचा विधीसुद्धा चर्चच्या दारातील पडवीत सुरू होत असे. म्हणूनच चॉसरने आपल्या ‘वाइफ ऑफ बाथ’ला चर्चच्या दारात पाच नवरे करायला लावले आहेत. पूर्वी हा मला नुसता विनोद वाटे. आता कळते की ती जागेची अचूक नोंद आहे.

या इमारतीचे मुख्य भाग दोन. पश्चिमेकडचा मोठा भाग म्हणजे ‘नेव्ह’, हा लोकांचा. पूर्वेकडचा लहान भाग म्हणजे ‘चॅन्सेल’, हा धर्मगुरूचा व वेदीचा. दोहोंमध्ये एक कमान आणि कोरीव लाकडी जाळीचा पडदा. आपल्या देवळातील सभामंडप आणि गाभारा डोळ्यांपुढे आणले की मांडणी चटकन समजते. दुरुस्तीची वाटणीसुद्धा अशीच होती : चॅन्सेलची डागडुजी दशांश घेणाऱ्या रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. साहजिकच कित्येक ठिकाणी नेव्ह गावाच्या ऐपतीप्रमाणे वाढत गेला आणि चॅन्सेल होते तसेच राहिले. इमारत पाहून कोणाच्या हाती पैसा होता हे सांगता येते, ते यामुळे.

पण साम्य इथे संपते. देऊळ हे देवाचे घर. भक्त तिथे येतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघतो. चर्चमध्ये सगळ्या गावाला एकाच वेळी आत उभे राहायचे असते. (उभे राहायचे म्हणण्याचे कारण, सुरुवातीच्या काळात बसायला बाकेच नव्हती. ती पुढे, मुख्यतः पंधराव्या शतकात सर्रास आली.) एवढ्या माणसांना सामावून घेणारी जागा खांबांची गर्दी न करता कशी झाकायची, हा चर्च बांधणाऱ्या गवंड्यापुढचा खरा प्रश्न.

आमची सहल लोणारला गेली होती तेव्हा दैत्यसूदनाचे मंदिर पाहिले होते. हेमाडपंती बांधणीत खांबावर दगडी तुळई ठेवतात आणि छतासाठी दगडाचे थर थोडे थोडे पुढे सरकवत जागा मिटवत नेतात. सगळा भार सरळ खाली जातो. परंतु दगडाची तुळई फार लांब करता येत नाही, ती मध्येच तडकते. म्हणून खांब जवळजवळ लागतात. कमानीचे तंत्र निराळे. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटून धरतात, त्यामुळे अंतर वाढवता येते. पण हा रेटा भिंतीला बाहेर ढकलतो. १०६६ नंतर नॉर्मन लोकांनी बांधलेल्या चर्चमध्ये अर्धवर्तुळाकार कमानी आहेत, आणि हा रेटा झेलण्यासाठी भिंती किल्ल्यासारख्या जाड आहेत. अर्धवर्तुळाची आणखी एक अडचण अशी, की रुंदी ठरली की उंचीही ठरलीच : रुंदीच्या निम्मी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोकदार कमान आली आणि ही अडचण सुटली. त्याच रुंदीवर कमान हवी तेवढी उंच नेता येऊ लागली. बाहेरचा रेटा कमी झाला. उरलेला झेलायला भिंतीला बाहेरून दगडी धिरे दिले. मग भिंतीत खिडक्या काढायला गवंडी मोकळा झाला. शाळेत गॉथिक म्हणजे ‘टोकदार कमानी’ एवढेच पाठ केले होते. टोक कशासाठी, हे कोणी सांगितले नव्हते.

या खिडक्यांवरूनच चर्चचे वय ओळखतात. १८१७ साली टॉमस रिकमन याने इंग्रजी गॉथिकच्या तीन अवस्थांना जी नावे दिली ती आजही चालतात. ‘अर्ली इंग्लिश’ मध्ये खिडक्या भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद व उंच असतात. हा साधारण तेराव्या शतकाचा काळ. ‘डेकोरेटेड’ मध्ये खिडकीच्या माथ्यावर दगडाची नक्षीदार जाळी येते. ‘पर्पेंडिक्युलर’ मध्ये खिडक्या रुंद होऊन त्यांत उभ्या सरळ रेषांचे राज्य सुरू होते. गंमत अशी की, एकाच चर्चमध्ये या तिन्ही अवस्था सुखाने नांदतात. कमान नॉर्मन, चॅन्सेल तेराव्या शतकातले, बाजूचे दालन चौदाव्यातले आणि मनोरा पंधराव्यातला. एखाद्या वाड्याला जशी पिढी वाढेल तशी खोली जोडत जावी, त्यातलाच हा प्रकार.

पंधराव्या शतकात पूर्व इंग्लंडमध्ये लोकरीच्या कापडाचा पैसा खेळू लागला. सफक परगण्यातील लॅव्हेनहॅम आणि लाँग मेल्फर्ड या गावांची दिमाखदार चर्चे त्या पैशाची. कापसावर वाढलेल्या हिंगणघाटच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. लाँग मेल्फर्डला तर देणगीदारांची नावे चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर उंचावर कोरलेली आहेत आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा असे वाचणाऱ्याला विनवले आहे. सामान्य माणसाला अक्षर येत नव्हते. त्याच्यासाठी भिंतीवर चित्रे असत. चॅन्सेलच्या कमानीवर बहुधा अंतिम न्यायाच्या दिवसाचा देखावा असे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत यांतली बहुतेक चित्रे चुन्याखाली गेली. वेनहॅस्टन गावी १८९२ मध्ये दुरुस्ती करताना पांढऱ्या पोताऱ्याच्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर अंतिम न्यायाचे चित्र उघडे पडले! आज ते त्याच चर्चमध्ये जपून ठेवले आहे.

हे सगळे पुस्तकातले. प्रत्यक्ष पाहण्याचा योग दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामांकडे गेले तेव्हा आला. कुलाब्याला नेव्हीनगरच्या वाटेवर सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. मामांना हे नाव बसथांब्यापुरते ठाऊक होते. त्यांची पंचवीस वर्षे मुंबईत गेली, पण आत पाऊल टाकले ते माझ्यामुळे.

हे चर्च कुलाब्यात कसे उगवले ते थोडक्यात सांगते. १८३९ मध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी ‘केंब्रिज कॅम्डेन सोसायटी’ स्थापन केली. (ही मंडळी आपल्यासारखीच विद्यार्थी होती, हे इथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.) मध्ययुगीन ग्रामचर्चे हिंडून पाहावी, मोजावी आणि नवी चर्चे त्याच धर्तीवर बांधावी असा त्यांचा आग्रह. तो आग्रह साम्राज्यासोबत सगळीकडे पोचला. त्याच सुमारास पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत, म्हणजे १८३८ ते १८४३ या काळात, कामी आलेल्यांचे स्मारक मुंबईत उभारायचे ठरले. इंग्लंडहून आलेला आराखडा खर्चिक ठरला. शेवटी शहराचे अभियंता हेन्री कॉनिबेअर यांचा आराखडा घेतला. विहार तलावाची योजना आखणारे तेच हे कॉनिबेअर. पायाभरणी डिसेंबर १८४७ मध्ये झाली, प्रतिष्ठापना ७ जानेवारी १८५८ रोजी. शिखर १८६५ मध्ये पुरे झाले. त्याची उंची १९८ फूट. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना ते खुणेचे होते.

दगड इथलाच, पिवळसर बेसाल्ट आणि चुनखडी. आकार मात्र सगळा तेराव्या शतकातील इंग्लंडचा. बाहेरच्या झळाळत्या उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काही दिसेना. मग हळूहळू रुंद टोकदार कमानी, त्यांपलीकडची बाजूची दालने आणि समोर रंगीत काचांचा निळा-तांबडा उजेड दिसू लागला. चॅन्सेल ५० फूट लांब आणि २७ फूट रुंद आहे. कॅम्डेनवाल्यांना चॅन्सेल असेच ऐसपैस लागे. वेदीमागची सजावट व फरशा लंडनच्या विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्याच्या.

इमारत सुंदर आहे यात शंका नाही. तरीही मला काही तरी चुकल्यासारखे वाटत राहिले, आणि ते काय हे उमगायला अर्धा तास गेला. इथे काहीच नंतर जोडलेले वाटत नव्हते. एक खिडकी एका शतकाची आणि दुसरी दुसऱ्या, असे कुठे नाही. इंग्लंडात जे चार-पाचशे वर्षांत गावाच्या हाताने घडले, ते इथे एका कागदावरून अठरा वर्षांत उभे राहिले. त्याच्यामागे शेतशिवार नव्हते, दशांश नव्हता. होती ती छावणी. पॅरिशवाचून पॅरिश चर्च, असे मी वहीत लिहून ठेवले.

भिंतीवर नावे आहेत. ती अधिकाऱ्यांची. खालच्या दर्जाच्या व साध्या शिपायांविषयी तिथल्या लेखात असा आशय आहे की, त्यांची संख्या एवढी मोठी होती की नावे लिहिणे शक्य झाले नाही. मामांनी विचारले, “काय लिहिलंय गं?” मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, “म्हणजे आपल्या पानपतासारखंच. बुणग्यांची नावं कोण लिहितो?” जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या फौजेत, जी मुख्यतः बंगालची होती, सुमारे साडेचार हजार सैनिक होते, बहुतेक हिंदुस्थानी, आणि बुणगे सुमारे बारा हजार. ग्रेच्या चर्चयार्डात गरिबांची हाडे तरी आवारात आहेत. कुलाब्यात ज्यांची नावे आहेत त्यांची हाडे नाहीत, आणि बाकीच्यांचे दोन्हीही नाही.

सुट्टी संपवून कारंज्याला परतले. (मुंबईत प्रत्येकाने “लाड का?” असे विचारले आणि प्रत्येकाला “नाही, घाडगे” असे सांगावे लागले.) दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात गेले. गाभारा जुना, काळ्या दगडाचा. सभामंडप नवा, गावाच्या वर्गणीचा, वर टिनाचे छत. खांबाला संगमरवरी पाटी आहे. रोज जाता-येता दिसते, पण आजवर वाचली नव्हती. पाचशे एक रुपये व त्यावरच्या देणगीदारांची नावे ओळीने कोरलेली आहेत आणि शेवटी ‘व समस्त गावकरी’. नावे मोजली, ती तेवीस भरली. आमच्या आजोबांचे नाव त्यांत नाही. मंडपाच्या पायाचा दगड त्यांनी आपल्या बैलगाडीने वाहून आणला होता, चौदा खेपा, असे आजी सांगते.