स्नायूंच्या बळाची चाचणी : उपयोग आणि मर्यादा

भरवेगात धावणारा खेळाडू एकाएकी थांबतो आणि मांडीच्या मागे हात नेतो, हे दृश्य मैदानावर नेहमीचे आहे. मांडीच्या मागील स्नायूसमूहास ‘हॅमस्ट्रिंग’ म्हणतात. धावताना पाय पुढे झेपावतो, तेव्हा पाऊल टेकण्यापूर्वी गुडघ्याखालील भागास आवर घालण्याचे काम हे स्नायू करतात. त्या क्षणी ते ताणलेही जातात आणि बळही लावतात. याच अवस्थेत ते बहुधा दुखावतात.

ही दुखापत आधीच ओळखता येईल काय, असा प्रश्न पालकांच्या मनात साहजिकच येतो. आयसोकायनेटिक यंत्रावर खेळाडूस बसवून, ठरावीक वेगाने गुडघा हलविताना लागणारे बळ मोजता येते. मांडीच्या पुढील व मागील स्नायूंची, तसेच उजव्या-डाव्या पायाची तुलना त्यातून होते.

क्रोआझिए व सहकाऱ्यांनी २००८ साली ४६२ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बळात असमतोल असूनही उपचार न घेतलेल्यांपैकी १६.५ टक्के खेळाडूंना दुखापत झाली. समतोल असलेल्यांत हे प्रमाण ४.१ टक्के होते. फरक मोठा आहे. तथापि, असमतोल असलेल्या शंभरांपैकी सुमारे त्र्याऐंशी जण सुखरूप राहिले, हेही तितकेच खरे. पुढे २०१६ साली कतारमधील ६१४ फुटबॉलपटूंच्या अभ्यासात बळातील उणीव व दुखापत यांचा संबंध अगदी क्षीण आढळला.

सारांश, चाचणी उणीव दाखविते, भविष्य सांगत नाही. दुखापतीनंतर बळ कितपत परत आले हे पाहण्यास ती उपयुक्त आहे. परंतु केवळ एका आकड्यावरून एखाद्या मुलास संघातून वगळणे अन्यायाचे ठरेल.

मग करावे काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ९४२ फुटबॉलपटू होते. ‘नॉर्डिक’ व्यायाम करणाऱ्या गटात अशा १५ दुखापती झाल्या, तर न करणाऱ्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ५२. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे धरावेत आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकावे, एवढाच हा व्यायाम. त्यास महागडे यंत्र लागत नाही. एक चटई आणि एक सोबती पुरतो. मात्र आरंभ थोड्या आवर्तनांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा. कोण दुखावेल हे शोधत बसण्यापेक्षा सर्वांनाच सबळ करणे अधिक श्रेयस्कर होय.