पानावरचा रंग फोटोवर उतरतो तेव्हा

प्रश्न : लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा अल्बम मी हाताने केला. पानांवर स्प्रे इंक मारली, ती पूर्ण वाळली होती. पण पावसाळ्यात रंग समोरच्या फोटोंना लागला. शाई नकली होती का?
– एक वाचक, परंदवडी

उत्तर : शाई नकली असेलच असं नाही. वाळलेला रंग पक्का झाला, हा समज मात्र चुकीचा. बऱ्याच स्प्रे इंक पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. तुमच्या मावळातल्या पावसाळी दमटपणात त्या पुन्हा ओलसर होऊन पसरतात.

यापुढे बाटलीवर ‘पिगमेंट’ किंवा ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेली शाई घ्या. आधी तुकड्यावर फवारा, एक दिवस वाळवा आणि ओलं बोट फिरवा. बोटाला रंग लागला, तर ती शाई फोटोजवळ नको. पिगमेंट तळाशी बसतं. बाटली हलवून वापरा आणि नळी लगेच धुवा. कागद २५० ते ३०० जीएसएमचा घ्या, तो कमी वाकतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा जाड कागदही वापरून बघा. फोटो सगळ्यात शेवटी चिकटवा.

आहे तो अल्बम टाकू नका. पानांमध्ये बटर पेपर घाला आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. डागाळलेले फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. मूळ फाइलवरून पुन्हा छापून घ्या.

हेअर स्प्रेने रंग पक्का होत नाही. रंग पक्का करणारं फिक्सेटिव्ह वापरायचं तर फोटो झाकून, मोकळ्या हवेत, ज्योतीपासून आणि लेकीपासून लांब.