माव्याचे अनिषेकजनन : जातीची संकल्पना आणि कीड व्यवस्थापन

शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने 1740 मध्ये नुकतीच जन्मलेली एक मावा मादी नरापासून पूर्णतः अलग वाढविली. तिने 95 पिल्लांना जन्म दिला. फलनाविना होणाऱ्या अशा प्रजननास अनिषेकजनन म्हणतात. कपाशी, भेंडी व काकडीवर्गीय पिकांवरील 'एफिस गॉसिपी' हा मावा उष्ण प्रदेशांत बहुधा वर्षभर याच पद्धतीने वाढतो. मादीच्या उदरातील पिल्लामध्ये पुढील पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. त्यामुळे अनुकूल हवामानात जन्मलेले पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः प्रजननक्षम होते.

जात कशी ठरवावी?

अर्न्स्ट मायर यांच्या 1942 मधील व्याख्येनुसार, परस्परांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या विलग असलेला समूह म्हणजे जात. जेथे मीलनच होत नाही, तेथे ही कसोटी लागू पडत नाही. म्हणून बाह्यरचना, यजमान वनस्पती आणि डीएनए यांचा एकत्रित विचार करावा लागतो. कपाशीवरील व काकडीवर्गीय पिकांवरील एफिस गॉसिपीचे वंश दिसायला सारखे असले, तरी जनुकीयदृष्ट्या भिन्न आढळले आहेत.

उत्क्रांतीतील लाभ-हानी

माव्याच्या अनिषेकजननात बहुतेक अपत्ये मादीच असल्याने संख्या झपाट्याने वाढते. मात्र जनुकांची नवी सरमिसळ होत नाही. हर्मन म्युलर यांनी 1964 मध्ये दाखविल्याप्रमाणे, अशा वंशात हानिकारक उत्परिवर्तने पिढ्यानुपिढ्या साचत जातात. समशीतोष्ण प्रदेशांतील अनेक मावा जाती शरद ऋतूत नर-मादी निर्माण करून अंडी घालतात. तेथे दोन्ही पद्धतींचा मेळ दिसतो.

शेतातील अर्थ

एखाद्या मादीत कीटकनाशकास प्रतिकार करणारे उत्परिवर्तन असल्यास ते तिच्या सर्व संततीत जवळजवळ जसेच्या तसे उतरते. तेच कीटकनाशक पुनःपुन्हा फवारल्यास संवेदनक्षम मावा मरतो आणि हा एकच वंश शेत व्यापतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व ॲसिटामिप्रिड ही तिन्ही निओनिकोटिनॉइड गटातील आहेत. त्यांची आपसांत अदलाबदल म्हणजे फेरपालट नव्हे. बियाण्यास याच गटाची प्रक्रिया झाली असल्यास पहिल्या फवारणीसाठी शिफारशीतील वेगळ्या क्रियापद्धतीचा गट निवडावा. ढालकिडे व क्रायसोपा पुरेशा संख्येने असल्यास फवारणी टाळावी. हे मित्रकीटक प्रतिकारक्षम व संवेदनक्षम असा भेद न करता मावा फस्त करतात.